‘फँटसी ॲडव्हर्टायझर’चा इतिहास कोठून मोजावा : १९६५ की १९७०?

कागदवेडा

ब्रिटनमधील कॉमिक्सविषयक फॅनझीनांचा, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी पदरमोड करून काढलेल्या नियतकालिकांचा, इतिहास वाचताना ‘फँटसी ॲडव्हर्टायझर’ हे नाव वारंवार समोर येते. फ्रँक डॉब्सन यांनी ते १९६५ मध्ये सुरू केले, तेव्हा त्याचे स्वरूप अगदी साधे होते. कोणाकडे कोणते अमेरिकन कॉमिक विकायला आहे, कोणाला कोणता अंक हवा आहे, बदल्यात तो काय देईल, एवढ्याच जाहिराती त्यात असत. १९७० मध्ये डॉब्सन ऑस्ट्रेलियाला गेले आणि संपादन डेझ स्किन व पॉल मॅकार्टनी या दोघांकडे आले. त्यांनी जाहिरातींच्या जोडीला लेख आणि परीक्षणे छापायला सुरुवात केली. पुढे कॉलिन कॅम्पबेल, मार्टिन लॉक आणि मार्टिन स्किडमोर असे संपादक बदलत गेले, नाव आखडून नुसते ‘एफए’ झाले, आणि १९९१ मध्ये ते बंद पडले. शेवटच्या काही वर्षांत तर ब्रिटनमध्ये कॉमिक्सवर गंभीरपणे लिहिणाऱ्यांचे ते हक्काचे व्यासपीठ होते.

माझे मत असे, की या नियतकालिकाचा खरा इतिहास १९७० पासून सुरू होतो. त्याआधीची पाच वर्षे म्हणजे खरेदी-विक्रीचे पत्रक होते आणि त्याला वाङ्मयीन इतिहासात जागा देण्याचे कारण मला दिसत नाही. नाटकाच्या इतिहासात आपण तिकीटविक्रीच्या खिडकीला प्रकरण देत नाही. या विषयात रस असणाऱ्यांचे मत वाचायला आवडेल.

अनवट

बीटल्स फुटल्याची बातमी १९७० च्या एप्रिलमधली आहे, आणि त्याच वर्षी पॉल मॅकार्टनी एका फॅनझीनचे सहसंपादक होतात, यावरून आमच्या महाविद्यालयात एका मित्राने पूर्ण प्रबंध रचला असता. हे मॅकार्टनी वेगळे आहेत, एवढे मूळ लेखात ठळक अक्षरांत लिहावे, अन्यथा हा धागा भलतीकडेच जाईल.

टपालहंशील

कागदवेडा, तुमचे मत मला मान्य नाही. त्या जाहिराती कशासाठी लागत होत्या हे नीट पाहिले, तर तिकीटखिडकीची तुलना टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धापासून परकीय चलन वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये अमेरिकन कॉमिक्सच्या आयातीवर निर्बंध होते. ते १९५९ च्या सुमारास सैल झाले आणि लेस्टर येथील ‘थॉर्प अँड पोर्टर’ या कंपनीने अमेरिकन अंक मोठ्या प्रमाणावर आणायला सुरुवात केली. मुखपृष्ठावर सेंटमध्ये छापलेल्या किमतीजवळ नऊ पेन्सचा गोल शिक्का मारलेले ते अंक वृत्तपत्रांच्या दुकानांत फिरत्या तारेच्या स्टँडवर लागत. मात्र कोणता अंक कोणत्या गावी पोहोचेल याची शाश्वती नसे, आणि काही अंक तर देशात कोठेच वितरित होत नसत. अशा अंकांना ब्रिटिश संग्राहक आजही ‘एनडी’ म्हणतात, म्हणजे वितरित न झालेला.

नेमक्या याच काळात मार्व्हलच्या कथा एका अंकातून पुढच्या अंकात वाहू लागल्या होत्या. आधीची कॉमिक्स बहुधा एका अंकात संपत, त्यामुळे एखादा अंक हुकला तरी वाचकाचे फारसे बिघडत नसे. आता मधला एक अंक न मिळणे म्हणजे कथेचाच तुकडा पडणे होते. तो तुकडा भरून काढायचा तर दुसऱ्या गावातल्या अनोळखी मुलाला पत्र लिहिण्यावाचून उपाय नव्हता, आणि त्या मुलाचा पत्ता डॉब्सन यांच्या पत्रकात मिळत होता. ज्याने मालिका सलग वाचलेली नाही तो तिच्यावर लेख काय लिहिणार? जाहिरातींनी वाचकाला आधी संपूर्ण मजकूर मिळवून दिला आणि लेख त्यानंतर आले.

वाकडमहादेव

मी तर असे ऐकले आहे, की अमेरिकन कॉमिक्सचे गठ्ठे जहाजांना वजन म्हणून तळाशी भरत आणि लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरवून विकत.

टपालहंशील

ही गोष्ट सांगायला रंगतदार आहे आणि त्या पिढीतील कित्येकांनी ती सांगितलेली आहे. परंतु मुखपृष्ठावर कंपनीचा शिक्का आणि किंमत असलेला माल रीतसर आयात झालेला असतो. खपाचा अंदाज चुकल्यामुळे अमेरिकेत न विकलेले गठ्ठे स्वस्तात इकडे येत, हे मात्र खरे. पुरवठ्यातला विस्कळीतपणा त्यातूनच आला.

मुक्ता_लीड्स

चर्चेत एक महत्त्वाचे नाव राहून गेले आहे. कॉमिक्सवर लेख छापणारे पहिले ब्रिटिश फॅनझीन म्हणून सहसा ‘का-पाव’चा उल्लेख होतो, आणि ते १९६७ चे आहे. फिल क्लार्क आणि स्टीव्ह मूर हे दोघे ते काढत. स्टीव्ह मूर तेव्हा ‘ओडहॅम्स’ या प्रकाशनसंस्थेत कामाला लागलेले तरुण होते. ‘वॅम’, ‘स्मॅश’, ‘पाव’ ही साप्ताहिके त्याच संस्थेची होती आणि त्यांपैकी काहींतून मार्व्हलच्या कथा काळ्या-पांढऱ्या रंगांत पुनर्मुद्रित होत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६८ च्या अखेरीस, क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या मिडलँड हॉटेलात ब्रिटनमधले पहिले कॉमिक्स संमेलन भरवले. आजच्या संमेलनांच्या मानाने ते अगदीच लहान होते. तरीही तोवर केवळ पाकिटावरच्या हस्ताक्षरावरून एकमेकांना ओळखणारी माणसे तेथे प्रथम समोरासमोर आली. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’चे लेखक ॲलन मूर यांचे फॅनझीनांतून पुढे येणेही याच वर्तुळातले. ते आणि स्टीव्ह मूर नात्याने एकमेकांचे कोणी लागत नसत, पण मैत्री स्टीव्ह यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत टिकली.

तेव्हा लेखांवरूनच वय ठरवायचे असेल तर ‘फँटसी ॲडव्हर्टायझर’ला पहिलेपणाचा मान मिळत नाही, आणि जाहिरातींवरून ठरवले तर निर्विवाद मिळतो. कागदवेडा यांच्या निकषाने त्यांच्याच आवडत्या नियतकालिकाचे नुकसान होते आहे.

सायक्लोस्टाईल

पहिलेपणाचा वाद बाजूला ठेवून मी निर्मितीबद्दल लिहितो, कारण नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी कार्यालयात हेच काम केलेले आहे.

त्या काळातली बहुतेक फॅनझीने स्टेन्सिल कापून डुप्लिकेटरवर काढली जात. टंकलेखन यंत्राची फीत खाली घ्यायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट मेणकागदावर आपटून तेथे छेद पडतो, आणि त्या छेदातून शाई खालच्या कागदावर उतरते. जोर जास्त झाला की गोलाकार अक्षरांचा मधला भाग निखळून पडे. इंग्रजीत ‘ओ’चे ठिपके होत, आमच्या मराठी यंत्रावर ‘ठ’चे पोट उडून जाई. चूक दुरुस्त करायला एक गुलाबी द्रव असे. तो ब्रशने लावायचा, वाळेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा हलक्या हाताने टंकायचे. चित्र काढणे याहून कठीण, कारण टोकदार लेखणी जरा घसरली की कागद फाटे. ज्या विषयाचा प्राण चित्रात आहे, त्याच्याबद्दलची नियतकालिके चित्रांशी सर्वांत फटकून वागणाऱ्या तंत्राने काढली जात होती, हे लक्षात घ्यावे. ऑफसेट परवडू लागल्यावरच या अंकांना चांगली मुखपृष्ठे मिळाली.

आपल्याकडे ‘शब्द’सारखी लघुनियतकालिके १९५० च्या दशकात मुंबईत याच यंत्रावर निघत होती, त्यामुळे मराठी वाचकाला ही धडपड परकी वाटू नये. फरक एवढाच, की आपल्या कवींना जाहिरातदार मिळत नसत. डॉब्सन यांच्या पत्रकात प्रत्येक ओळ छापून घेणारा कोणीतरी होता. पानाचा खर्च त्यातून निघाला, म्हणून पुढे त्या पानांच्या मधोमध कोणाला लेख लिहिता आला.

कागदवेडा

उत्तम माहिती मिळते आहे, सर्वांचे आभार. तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. अमेरिकेतील जेरी बेल्स यांचे उदाहरण पाहा. त्यांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर एगो’ हे फॅनझीन सुरू केले आणि त्याच वर्षी खरेदी-विक्रीच्या जाहिरातींसाठी ‘कॉमिकलेक्टर’ नावाचे वेगळे प्रकाशन काढले. ज्या माणसाला तिकडच्या कॉमिक्स-चाहत्यांच्या चळवळीचा जनक म्हणतात, त्यालाच लेख आणि जाहिराती एका पिशवीत नको होत्या. ब्रिटनमध्ये ही विभागणी झाली नाही याचे कारण तत्त्व नसून टंचाई असावे.

टपालहंशील

त्याच उदाहरणाचा उत्तरार्ध असा आहे, की ‘कॉमिकलेक्टर’ १९६४ मध्ये ‘रॉकेट्स ब्लास्ट’ या दुसऱ्या फॅनझीनमध्ये विलीन झाले, आणि जाहिराती व लेख एकत्र छापणारे ते जोडप्रकाशन बरीच वर्षे जोमाने चालले. त्याच काळात ‘ऑल्टर एगो’चे अंक मात्र रखडत निघत होते.

टंचाईचा मुद्दा मला मान्य आहे. स्किन आणि मॅकार्टनी यांच्या वाट्याला आलेली सुरुवात पाहा. २० जानेवारी १९७१ रोजी ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. त्याच्या मधोमध, १५ फेब्रुवारीला, शिलिंग-पेन्सची जुनी पद्धत जाऊन दशमान चलन आले. ज्या नियतकालिकाची वर्गणी, मजकूर, जाहिराती आणि अंक सर्वच टपालाने ये-जा करतात आणि ज्यातल्या प्रत्येक ओळीत एक किंमत असते, त्याच्या संपादकांसाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

निनावी_नाही

मला थोडी वेगळी तक्रार नोंदवायची आहे. ही सगळी मंडळी अमेरिकन कॉमिक्सच्या मागे होती. त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या देशात आठवड्याला लाखोंनी खपणारी साप्ताहिके निघत होती, आणि त्यांत काम करणाऱ्या चित्रकारांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. ‘बीनो’मधली ‘मिनी द मिंक्स’ आणि ‘बॅश स्ट्रीट’ची वात्रट मुले उभी करणारे लिओ बॅक्सेंडेल यांना पुढे हक्कांसाठी डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेविरुद्ध न्यायालयात जावे लागले. तो दावा १९८० मध्ये सुरू होऊन १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. मुलींसाठीची ‘बंटी’, ‘टॅमी’, ‘मिस्टी’ ही साप्ताहिके तर या संग्राहकांच्या खिजगणतीत नव्हती, कारण ती त्यांच्या बहिणी वाचत आणि वाचून टाकून देत.

अमेरिकन अंकांवर लेखक-चित्रकारांची नावे ठळक असत, म्हणून त्यांच्यावर लेख लिहिता येत. निनावी चित्रकारावर लेख लिहायचा तर आधी तो कोण हे रेषेवरून ओळखावे लागते. हे काम डेनिस गिफर्ड यांच्यासारख्या जुन्या संग्राहकांनी आयुष्यभर केले, आणि ते मुख्य प्रवाहातल्या फॅनझीनांनी केले असते तर कित्येक वृद्ध चित्रकारांना हयातीत ओळख मिळाली असती. ‘२००० एडी’ या विज्ञानकथांच्या ब्रिटिश साप्ताहिकाने १९७७ मध्ये श्रेयनामे छापायला सुरुवात केली, आणि तो बदल घडवून आणणारे केव्हिन ओ’नील स्वतः फॅनझीन काढणारे होते. चित्रपट आणि दूरचित्रवाणीतल्या दृश्य-करामतींवर ते ‘जस्ट इमॅजिन’ नावाचे नियतकालिक चालवत. म्हणजे फॅनझीनच्या सवयीतून मोठ्या प्रकाशनसंस्थेत न्याय पोहोचला, पण तो कथा-चित्रांच्या टीकालेखांतून नव्हे.

वाकडमहादेव

निनावी राहण्याच्या अन्यायाबद्दलचा हा प्रतिसाद टोपणनावाने आलेला आहे, याची नोंद घेतली आहे.

निनावी_नाही

माझे टोपणनाव पुन्हा एकदा नीट वाचावे.

मुक्ता_लीड्स

निनावी_नाही यांच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ‘फँटसी ॲडव्हर्टायझर’च्या संपादकांचे पुढे काय झाले ते पाहावे. डेझ स्किन यांनी आयपीसी या प्रकाशनसंस्थेत आणि मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेत नोकरी केली, ‘डॉक्टर हू वीकली’ सुरू केले आणि १९८२ मध्ये स्वतःचे ‘वॉरियर’ काढले. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ त्यातच सुरू झाले. ‘वॉरियर’मध्ये त्यांनी ‘मार्व्हलमॅन’ या विस्मृतीत गेलेल्या नायकालाही परत आणले. हा १९५४ मध्ये मिक अँग्लो यांनी उभा केलेला नायक होता. अमेरिकेतून ‘कॅप्टन मार्व्हल’चा मजकूर येणे बंद झाले, तेव्हा एल. मिलर या प्रकाशकाला त्याची जागा भरून काढायची होती. इतकी जुनी आठवण जपून ती योग्य वेळी बाहेर काढणे हे संग्राहकाचेच काम आहे.

मार्टिन लॉक यांनी आधी ‘बेम’ नावाचे फॅनझीन चालवले, नंतर ‘फँटसी ॲडव्हर्टायझर’, आणि १९८४ पासून ‘हॅरियर कॉमिक्स’ ही प्रकाशनसंस्था. एडी कॅम्पबेल यांचे ‘डेडफेस’ हॅरियरने छापले. मार्टिन स्किडमोर १९८९ मध्ये ‘ट्रायडंट कॉमिक्स’चे संपादक झाले. ग्रँट मॉरिसन आणि पॉल ग्रिस्ट यांची ‘सेंट स्विदिन्स डे’ ही कथा तेथे आली. मार्गारेट थॅचर यांच्या हत्येचे मनसुबे रचणाऱ्या एका तरुणाची ती कथा असल्यामुळे बराच गदारोळ झाला. मार्क मिलर यांचे अगदी सुरुवातीचे कामही ट्रायडंटनेच छापले.

एकाच लहानशा नियतकालिकाच्या तीन संपादकांनी पुढे नव्या लेखकांना उभे करणारी प्रकाशने चालवली. मला वाटते त्यांना हे धाडस जाहिरातींच्या पानांनी शिकवले. कोणता अंक किती लोक शोधत आहेत, कोणासाठी किती पैसे मोजायला तयार आहेत, छपाईचे बिल कधी भरायचे, हे सर्व त्यांच्या टेबलावर रोज येत होते. निव्वळ समीक्षकाला ही शाळा मिळत नाही.

रेषेचा_माणूस

मुक्ता, मांडणी सुरेख आहे, पण तिच्यात बाजाराचे कौतुक अंमळ जास्त झाले आहे. १९८० च्या दशकात खरे नवे काम जेथून आले ती जागा वेगळी होती. पॉल ग्रॅव्हेट १९८१ पासून लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये भरणाऱ्या कॉमिक मार्टमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या बाजारात, ‘फास्ट फिक्शन’ नावाचे टेबल मांडत. ज्याने कोणी आपली चित्रकथा झेरॉक्स करून, मधोमध टाचून पुस्तिका केली असेल, त्याने ती द्यावी आणि ग्रॅव्हेट यांनी तेथे विकावी, असा साधा व्यवहार होता. आजूबाजूच्या टेबलांवर प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले जुने अमेरिकन अंक, आणि या एका टेबलावर फोटोकॉपीची शाई हाताला लागणाऱ्या पातळ पुस्तिका. एडी कॅम्पबेल, फिल इलियट, एड पिन्सेंट ही नावे या वर्तुळातली. ग्रॅव्हेट आणि पीटर स्टॅनबरी यांनी १९८३ मध्ये काढलेले ‘एस्केप’ हे याच टेबलाचे पुढचे पाऊल होते. तेथे कोणी सुपरहिरोंच्या अंकांची किंमत विचारत नव्हते.

मुक्ता_लीड्स

ते टेबल मात्र मार्टमध्येच होते. जुन्या अंकांसाठी आलेली गर्दी नसती तर त्या पुस्तिका कोणी उचलल्या असत्या? आणि तुम्हीच उल्लेख केलेले एडी कॅम्पबेल पुढे हॅरियरकडे आणि ट्रायडंटकडेही गेले. या दोन गल्ल्या वेगळ्या नव्हत्या, त्यांची मागची दारे एकाच चौकात उघडत होती.

रेषेचा_माणूस

ठीक आहे, चौक मान्य. परंतु ‘एफए’चा शेवट त्या बाजारामुळेच झाला, हेही सांगावे लागेल.

टपालहंशील

तो भाग मी सांगतो, कारण त्यात मला विलक्षण रस आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने स्थिरावली. सोहोमधले ‘डार्क दे वेअर अँड गोल्डन आइड’ आधीपासून होतेच, १९७८ मध्ये डेन्मार्क स्ट्रीटवर ‘फॉरबिडन प्लॅनेट’ उघडले. दुकान जवळ आले की जाहिरात पाहून टपालाने अंक मागवण्याची निकड कमी होते. साहजिकच जाहिराती मागे पडल्या आणि लेखांना मोकळे रान मिळाले. कागदवेडा यांना आवडणारा ‘एफए’ तो हाच. मात्र जाहिरातींच्या पैशाची जागा कोणीतरी घ्यायला हवी होती. ती ‘नेपच्यून’ या वितरण कंपनीने घेतली. ट्रायडंट ही याच कंपनीची शाखा.

वितरकाच्या पैशावर चालणारे समीक्षेचे नियतकालिक वितरकाच्या प्रकृतीशी बांधलेले असते. ‘टॉक्सिक’ हे साप्ताहिकही याच मंडळींच्या पाठबळाने १९९१ च्या मार्चमध्ये निघाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद पडले. ‘एफए’ त्याच वर्षी थांबले, आणि पाठोपाठ नेपच्यून अमेरिकेच्या ‘डायमंड’ या वितरण कंपनीने विकत घेतली. चाहत्यांचे दुसरे महत्त्वाचे नियतकालिक ‘स्पीकईझी’ तेही १९९१ मध्येच संपले.

नेपच्यून आणि ट्रायडंट लेस्टरच्या, आणि नऊ पेन्सचे शिक्के मारणारी थॉर्प अँड पोर्टरही लेस्टरची. एका वितरकाच्या विस्कळीत पुरवठ्यामुळे हे नियतकालिक जन्माला आले आणि त्याच गावच्या दुसऱ्या वितरकाच्या आधाराने ते शेवटपर्यंत चालले.

अनवट

आणि स्किन यांनी १९९० मध्येच ‘कॉमिक्स इंटरनॅशनल’ काढून बातम्या, परीक्षणे आणि दुकानांच्या जाहिराती पुन्हा एकत्र छापायला सुरुवात केलेली होती. ते तर अंकांचे द्विशतक गाठून गेले. वीस वर्षांनी तोच माणूस त्याच सूत्राकडे परतला, यात काही अर्थ असावा.

कागदवेडा

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी मूळ प्रश्न थोडा बदलतो. ‘एफए’च्या शेवटच्या काळातील लेख वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत सरस आहेत, हे माझे मत कायम आहे. मात्र ज्या काळात जाहिराती भरपूर होत्या तेव्हा ते कोणाच्याही दयेवर नव्हते, आणि जेव्हा लेख सर्वांत चांगले होते तेव्हा ते एका कंपनीच्या दयेवर होते, ही वस्तुस्थिती टाळता येत नाही. त्यामुळे आरंभ १९६५ धरावा, परंतु त्या पाच वर्षांचे प्रकरण आर्थिक इतिहास म्हणून लिहावे, असे सुचवतो.

सायक्लोस्टाईल

मी तर उलट म्हणेन. तुम्हा संशोधकांना आता सर्वांत जास्त उपयोग त्या जाहिरातींचाच होईल. लेखात माणूस आपली आवड सजवून सांगतो. जाहिरातीत तो कशासाठी किती पैसे मोजणार हे लिहून मोकळा होतो. १९६० च्या दशकातील ब्रिटिश मुले नेमके काय वाचत होती, कोणत्या गावात कोणते अंक पोहोचत नव्हते, याचा एवढा सरळ पुरावा दुसऱ्या कशात मिळणार?

वाकडमहादेव

या निमित्ताने विचारतो. माझ्याकडे ‘कमांडो’च्या जुन्या पुस्तिका आणि ‘इंद्रजाल’चे मराठी वेताळाचे काही अंक चांगल्या स्थितीत आहेत. बदल्यात ‘२००० एडी’चे सुरुवातीचे अंक कोणी देणार असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.

व्यवस्थापन

खरेदी-विक्री व अदलाबदलीच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र विभाग आहे. कृपया चर्चेच्या धाग्यावर जाहिराती देऊ नयेत.

टपालहंशील

व्यवस्थापनाने आधी हा धागा पहिल्यापासून वाचावा, ही नम्र विनंती.